आत्याची अकरा घरांची वाडी

सातवीत जाईपर्यंत माझी पक्की समजूत होती, की जर्मनी नेवाशाच्या पलीकडे कुठेतरी आहे. यात माझा फारसा दोष नव्हता. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, जेवता जेवता सहज बोलून जायचे, "आता तिकडं जर्मनीत वाडीवर तळं गोठलं आसंल," आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची, "व्हय, डिसेंबर लागला की." शेजारच्या वस्तीवर कुणाची म्हैस व्याली हे ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात. तळं गोठतं म्हणजे नेमकं काय होतं हे मला कळत नव्हतं, पण विचारायचीही सोय नव्हती, कारण घरात बाकी सगळ्यांना ते ठाऊक असल्यासारखं दिसायचं. पुढे भूगोलाच्या तासाला जर्मनी नकाशात समुद्रापलीकडे निघाली, तेव्हा मी बाईंना सांगितलं की नकाशा चुकलाय. वर्ग हसला. मी घरी येऊन दादांशी दोन दिवस बोलले नाही.

आमची वस्ती श्रीरामपूरपासून एसटीने अर्ध्या तासावर. ऊस, थोडा कापूस, एक चर्च आणि मिशनचा छोटा दवाखाना. हा दवाखाना एक जर्मन सिस्टर चालवायच्या. दादांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, त्यांच्या हाताखाली पट्ट्या बांधायला शिकली, मग सुया द्यायला शिकली, आणि पोरीचा हात हलका आहे म्हणून सिस्टरनी तिला नर्सिंगसाठी थेट आपल्या मुलखात पाठवलं. तिथे ती एका तालुक्याच्या गावी इस्पितळात काम करायची आणि सुटीच्या दिवशी सिस्टरच्या माहेरी राहायची. ते माहेर म्हणजे ही अकरा घरांची वाडी. सिस्टरची धाकटी बहीण तिथे एकटी शेती आणि गायी बघायची. चार वर्षं आत्या अशी ये-जा करत राहिली. मग आजारी पडली आणि आठ दिवसांत गेली, असं मला लहानपणापासून सांगितलेलं. तिला तिथेच, वाडीच्या पलीकडच्या चर्चच्या कबरस्थानात ठेवलं. हे सगळं मी जन्मायच्या आधीचं. सिस्टरही पुढे थकून परत गेल्या आणि वारल्या.

राहिली ती आत्याची पत्रं. दादांना ती पाठ होती. तिकडे घर आणि गोठा एकाच छपराखाली असतो, भिंतीच्या एका अंगाला गायी आणि दुसऱ्या अंगाला पलंग. प्रत्येक गायीच्या डोक्यावर तिच्या नावाची पाटी. उकिरडा घराच्या मागे नाही, पुढच्या दारी, आणि ज्याचा उकिरडा मोठा तो शेतकरी मोठा. हे दादांना फार आवडायचं. घराला स्वतःचं नाव असतं आणि माणसं बदलली, जावई घरात येऊन राहिला, तरी त्याला त्या घराच्याच नावानं हाक मारतात. आत्यालाही तशीच हाक मारायचे म्हणे. दुधाचे कॅन रस्त्याकडेच्या ओट्यावर ठेवायचे आणि मोटार येऊन घेऊन जायची. रविवारी तिने एकदा साडी धुऊन वाळत घातली, तर अकराच्या अकरा घरांत कुजबुज झाली, कारण रविवारी दोरीवर कपडा दिसता कामा नये. "बघ," दादा मला म्हणायचे, "आपल्या वस्तीवर घरं जास्ती, पर शिस्त कमी." मी म्हणायचे, शिस्त कसली, साडीला नावं ठेवणारी माणसं ती. दादांना राग यायचा. त्या वाडीला कुणी बोललेलं त्यांना खपत नसे, आणि का ते मला तेव्हा समजलं नाही.

नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं. मी डी.एड. होऊन नेमणुकीची वाट बघत घरी बसले होते, त्यामुळे घरातला प्रत्येक कागद माझ्याकडे यायचा. एक दिवस पोस्टमनने पांढरं लांबट पाकीट आणून दिलं. आत एकच पान, सगळं छापील जर्मन. त्यात टाइप केलेलं आत्याचं नाव मला वाचता आलं, आणि खाली दोन रिकामे चौकोन दिसले. बाकी काही नाही. चर्चमध्ये आता मराठी फादर होते, त्यांनी कागद उलटासुलटा करून "शिक्का चर्चचाच आहे" एवढं सांगितलं. एवढं मलाही दिसत होतं.

शेजारच्या काकूंचा जावई केडगावला राहायचा आणि सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला होता. त्याच्या कारखान्यात जर्मन मशीन होतं आणि त्या मशीनची पुस्तकं वाचता यावीत म्हणून तो ती भाषा थोडी शिकला होता. तो सासुरवाडीला आला तेव्हा काकूंनी त्याला चहाही घेऊ दिला नाही, आधी आमच्याकडे पिटाळलं. तो ओट्यावर बसून पेन्सिलीने खुणा करत वाचू लागला.

"वापराचा कालावधी समाप्त," तो म्हणाला.

"कशाचा?" दादा.

"कबरीचा. पंचवीस वर्षं झाली. आता जवळच्या नातेवाइकांनी ठरवायचं आहे. मुदत वाढवायची असेल तर पहिल्या चौकोनात खूण करायची. सोडून द्यायची असेल तर दुसऱ्या. सोडली तर वरचा दगड काढून जागा मोकळी करतील."

आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने पुन्हा वाचलं. पुन्हा तेच निघालं.

"मेलेल्या मानसाला मुदत?" आई म्हणाली.

बिचाऱ्याने हात जोडले. "काकू, मी मशीनचं वाचतो. हे मला पण नवीन आहे."

त्यानंतरचे आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आमच्याकडे कबर एकदा झाली की झाली. जुन्या कबरीत त्याच घरातलं दुसरं माणूस ठेवतात कधीकधी, पण ते घरातलंच. तिकडे म्हणे पंचवीस वर्षांनी कुणीतरी येऊन विचारतं, की ठेवायचं का काढायचं. ज्या लोकांच्यात माणसं गेली तरी घराचं नाव टिकतं, तिथे कबरीचं का टिकू नये? मला कोडं पडलं होतं. वस्तीवर ज्याला त्याला विचारावं तर जो तो वेगळंच सांगायचा. कुणी म्हणे तिकडे जमीन कमी आहे. कुणी म्हणे आपली म्हणून तिला काढतायत, स्वतःच्या माणसांना असं करत नसतील. हे ऐकून दादांचा चेहरा उतरला. मला त्या बोलणाऱ्याचा असा राग आला की मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं.

नवव्या दिवशी दादांनी मला कागद, पट्टी आणि पेन आणायला सांगितलं. दोन्ही चौकोन तसेच सोडून त्यांनी त्यांच्या खाली पट्टीने तिसरा चौकोन काढला. अगदी नीट, छापलेल्या चौकोनांच्या मापाचा. त्यात खूण केली.

"आता हिथं इंग्रजीत लिव," ते म्हणाले. "तिला घरी लावून द्या. जागा तयार हाय."

"दादा, असं नसतं. फॉर्ममध्ये आपण चौकोन वाढवायचा नसतो."

"त्यांनी दोनच इचारलं, म्हनून काय आपुन दोनातलंच सांगायचं का?"

"पण लावून देतील काय? पंचवीस वर्षांनी?"

"जे आसंल ते. हाडं ऱ्हात्यात. मला ती आईबापाच्या शेजारी पायजे. तवा आनायची ऱ्हाऊन गेली, आता आनायची." त्यांचा आवाज फाटला. दादा रडत नसत. मी लिहिलं. माझं इंग्रजी जेमतेम, पण 'घरी' हा शब्द मला येत होता.

कागद गेला आणि दादा कामाला लागले. उत्तर यायच्या आधीच त्यांनी कबरस्थानात आजी-आजोबांच्या शेजारी खड्डा खणला. एकट्याने, तीन सकाळी. खालचा मुरूम कठीण होता, पहारीने फोडावा लागला. मग सुताराकडे पेटी सांगायला गेले. सुताराने माप विचारलं. दादा उभेच राहिले. माणूस पाच फुटांचं होतं, पण आता किती असेल, आणि जे येईल ते कशात बांधून येईल? सुतार म्हणाला, मोठी करू या, जास्त झाली तर हरकत नाही. दादा म्हणाले, मोठ्या पेटीत ती हलेल. तासभर त्या दोघांचा हिशेब चालला होता आणि मला हसावं का रडावं समजेना. शेवटी तीन फुटांवर तोड निघाली.

खरी कुरबूर खड्ड्यावरून झाली. आमच्या वस्तीवर खणलेली कबर रात्रभरसुद्धा उघडी ठेवत नाहीत. उघडी कबर माणूस मागते, असं म्हणतात. फादर रविवारी सांगतात की असल्या गोष्टी मानू नका, आणि लोक मान डोलावून सोमवारी मानतात. पंच घरी आले. दादा म्हणाले, पाहुणा यायच्या आधी जागा करतात, आल्यावर खणायला बसत नाहीत. पंच म्हणाले, पाहुणा कधी येणार याची तारीख आहे का? तारीख नव्हती. शेवटी खड्ड्यावर फळ्या टाकायच्या आणि फळ्यांवर काटेरी फांद्या, असं ठरलं. वस्तीचं समाधान झालं नाही. बायका त्या वाटेने जायचं टाळायला लागल्या, आणि खोटं कशाला सांगू, मीही टाळत होते.

दीड महिना गेला आणि वस्तीवरचे सगळ्यांत म्हातारे आजोबा वारले. नव्वदीचे असतील, वर्षभर अंथरुणाला खिळलेले. पण लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी मिळून आमच्या घराकडे. त्या दिवशी ऊन असं होतं की मुरूम खणायला कुणी पुढे होईना. आजोबांचा मुलगा दादांपुढे येऊन उभा राहिला. दादा उठले, काटे बाजूला केले, फळ्या काढल्या. आजोबा आत्याच्या जागी गेले.

त्या संध्याकाळी दादा जेवले नाहीत. "त्याला म्याच बोलावलं का गं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नव्वदीच्या माणसाला कुणी बोलवावं लागत नाही. ते म्हणाले, "आन् ती आली तर आता कुठं घालू?" दुसरा खड्डा खणायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती. तीन फुटांची पेटी ओसरीवर उभी होती आणि कोंबड्या तिच्यावर चढून बसायच्या.

मग दुसरं पाकीट आलं. या वेळी हाताने लिहिलेलं पत्र होतं, बारीक, तिरक्या अक्षरांत चार पानं, आणि सोबत तोच छापील फॉर्म, कोरा. काकूंचा जावई इतक्यात येणार नव्हता. दादांना दम निघेना. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने नगरला आणि तिथून केडगावला गेलो. जावयाच्या घरी हॉलमध्ये त्याची मुलं टीव्ही बघत होती. त्याने तो बंद केला, मुलांना बाहेर खेळायला पाठवलं आणि डिक्शनरी घेऊन बसला. पत्र सिस्टरच्या बहिणीचं होतं. तो एकेक वाक्य मनात जुळवून मराठीत सांगत गेला.

बाईंनी लिहिलं होतं, की अकरापैकी आता सहाच घरांत माणसं राहतात. गायी शेवटच्या दोन होत्या, त्याही गेल्या साली दिल्या. दुधाचा ओटा पाडून तिथे एसटीसारखी गाडी थांबायला पत्र्याचं छप्पर केलं आहे. कबरस्थानाचा नियम सगळ्यांना सारखा आहे, त्यांच्या स्वतःच्या आजीची कबरही अशीच गेली, त्यात वाईट वाटून घेऊ नये. पाठवण्यासारखं आता काही नाही. तिथली माती ओली आणि आंबट आहे, तिच्यात हाडंही विरतात. तुमचा तिसरा चौकोन आमच्या चर्चच्या ऑफिसात सगळ्यांनी बघितला आणि कुणालाही काय करावं कळलं नाही.

इथे तो थांबला. पुढची ओळ त्याने दोनदा मनात वाचली आणि दादांकडे बघितलं.

"वाच," दादा म्हणाले. "मला ठावं हाय काय आसंल त्ये."

तो वाचत गेला. 'शेवटच्या हिवाळ्यात ती आजारी होती आणि तिला घरी यायचं होतं. इस्पितळाने जाऊ दिलं होतं. माझी बहीण तेव्हा सुटीवर इथे आली होती, तीच सोबत जाणार होती. पेटी भरलेली होती. मग भावाचं पत्र आलं, की तिथेच राहा. तिने ते मला दाखवलं आणि पेटीतले कपडे काढून परत कपाटात ठेवले. मी म्हटलं, तरी जा. ती म्हणाली, आमच्यात मोठा भाऊ सांगतो तसं करतात. त्यानंतर ती पाच महिने जगली. मी तुमच्यावर पंचवीस वर्षं रागावले होते. आता मी म्हातारी झाले, राग धरवत नाही. तुम्ही ती जागा सोडलीत तर ऑफिस ती मला देणार आहे. मेल्यावर मी तिच्याच जागेत जाईन. तुम्हाला विचारल्याशिवाय मला ते करायचं नाही.'

मी दादांकडे बघत होते. आठ दिवसांत गेली, हे मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले होते. मग पाच महिने कुठले? कपाटात परत ठेवलेले कपडे कुठले? माझ्या डोक्यात एकाला एक लागत नव्हतं. ज्या वाडीबद्दल मी जन्मभर ऐकलं, तिथली ही एकच गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

"दादा, का लिहिलंत तसं?"

"तिकडं मशिनी हुत्या, मोठी इस्पितळं हुती," ते म्हणाले. "हिथं काय, एक दवाखाना आन् एकच गोळी समद्या दुखन्याला. तिकडं वाचंल वाटलं." मग थांबून म्हणाले, "आन् माझं लगीन ठरलं हुतं त्याच महिन्यात. घरात आजारी पोर बघून सोयरं मागं फिरलं आसतं. ह्ये बी हुतं. दोनी खरं हाय."

त्यातलं पहिलं किती खरं आणि दुसरं किती, हे मी तेव्हा मोजत बसले, आणि पुढेही पुष्कळदा मोजलं. मला अजून सांगता येत नाही. ते लग्न मोडलं असतं तर मी कुठे असते, हाही विचार मध्ये येतो आणि सगळा गोंधळ होतो. दादांवर रागवायचं होतं, पण ते समोर इतके लहान होऊन बसले होते की ते मला जमलं नाही.

दादांनी कोरा फॉर्म ओढून घेतला आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली. जागा सोडली. मग जावयाला विचारलं, "त्यांच्यात 'माझं चुकलं' कसं म्हनत्यात?"

जावयाने डिक्शनरी उघडली. मशीन चुकलं तर काय म्हणायचं ते त्याला येत होतं, माणूस चुकलं तर काय म्हणायचं ते शोधावं लागलं. सापडल्यावर त्याने ते वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. "द्या, मी फॉर्मवर लिहितो," तो म्हणाला. "बाईंना कळेल."

"बाईंना न्हाई. माझ्या भनीला लिवायचंय. माझ्या हातानं."

"मग मराठीत लिहा ना, दादा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इंग्रजी अक्षरांचा एकही काना त्यांनी आजवर काढलेला नव्हता. वहीचं पान त्यांनी जवळ घेतलं आणि एकेक अक्षर बघून उतरवायला लागले.

"बाई कबरीपाशी जाऊन वाचून दावंल तिला," ते म्हणाले. "त्या बाईला मराठी कुठं वाचता येतंय?"